डॉक्टर म्हणतात डोळ्याचा त्रास इम्युनिटीमुळे आहे. युव्हिआयटिसमध्ये प्रतिकारशक्ती वाढवायला काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की वय सत्तावीस, चार महिन्यांत दुसऱ्यांदा उजवा डोळा लाल झालाय, ठणकतो, उजेड सोसत नाही. मागच्या वेळी लाली गेल्यावर थेंब बंद केले होते. आणि डॉक्टरांच्या तोंडून 'इम्युनिटी' हा शब्द ऐकल्यापासून आईने रोज सकाळी गुळवेलीचा काढा सुरू केलाय.

आईंना आधी एवढं सांगा की तुमची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती नको तिथे राबतेय, त्यातून डोळ्याच्या आत सूज येते, तीच युव्हिआयटिस. राखणीचा कुत्रा घरच्यांनाच चावायला लागला तर त्याला कोणी जास्तीची भाकरी घालत नाही.

मी डॉक्टर नाही. सांगलीत एका पतसंस्थेत कॅशला बसते. २०१६ पासून हे दुखणं पाच वेळा काढलंय, कधी डावा डोळा, कधी उजवा.

पहिल्या वेळी मला वाटलं डोळे आले. ऑफिसातले सगळे चार हात लांब राहायला लागले. (हा संसर्ग नाही, कोणाला लागत नाही, पण लाल डोळ्याने हे पटवणार कसं?) डोळे आले की सकाळी पापण्या चिकटतात, घाण येते. माझ्या डोळ्यातून नुसतं पाणी गळत होतं, आणि लाली सगळीकडे पसरलेली नव्हती, बुबुळाभोवती जांभळट कडं धरून बसली होती. तेव्हा हा फरक कळला नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून थेंब आणले, चार दिवस बरं वाटलं, पाचव्या रात्री भुवईपासून दाढेपर्यंत असा ठणका लागला की भिंतीकडे तोंड करून बसून काढली. त्या बाटलीत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइडही होतं हे मागाहून समजलं. तेवढ्याने आजार अर्धवट दबला आणि परत उसळला. हर्पीसच्या विषाणूमुळे डोळा लाल झालेला असता तर त्याच थेंबांनी बुबुळावरची जखम वाढवली असती. म्हणून पाच वेळा होऊनही दर वेळी आधी तपासून घेते, घरात उरलेली बाटली उघडत नाही.

डॉक्टरांनी खोलीतला दिवा घालवला आणि टॉर्च मारला तो चांगल्या डोळ्यावर. कळ गेली दुखऱ्या डोळ्यात! उजेडाने दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या एकदमच आकसतात, आणि बाहुलीभोवतीच्या सुजलेल्या रंगीत पडद्याला ते आकसणं सोसत नाही. मग त्या हनुवटी टेकवायच्या मशीनवर बसवून बारीक उजेडाची चीर डोळ्यात सोडली. म्हणाले, "उन्हाच्या कवडशात धूळ तरंगते ना, तशा आत पांढऱ्या पेशी तरंगताहेत." माझी प्रतिकारशक्ती मी तेव्हा अशी 'पाहिली'.

आता थेंबांचं, कारण तुमची गोची तिथेच झालीय. लाली ही बाहेरची गोष्ट, पेशी आतल्या. डोळा पांढरा झाला तरी आत धूळ उरलेली असते, ती फक्त मशीनवर दिसते. मला प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे थेंब सुरुवातीला जागेपणी दर तासाला होते, मग दोन तासांनी, मग दिवसातून चार वेळा, असं उतरवत उतरवत सात आठवडे. दुसऱ्या वेळी दिवाळीच्या गडबडीत मीही तुमच्यासारखेच मध्येच सोडले आणि भाऊबीजेला गॉगल लावून ओवाळलं. बाटली हलवून घाला, औषध तळाशी बसतं. नुसतं वरचं पाणी डोळ्यात घालून 'गुण येत नाही' म्हणणारे मी पाहिलेत, पहिल्या आठवड्यात मीही त्यातलीच होते. दोन वेगळ्या औषधांत पाच मिनिटं जाऊ द्या. थेंब घातल्यावर नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरला की ते कडू पाणी घशात उतरत नाही.

दुसरी बाटली बाहुली मोठी करणारी असेल, होमॅट्रोपिन किंवा अॅट्रोपिन. तिने जवळचं पुसट दिसतं, मला पासबुकातला तीन आणि आठ सारखाच दिसायचा. वैताग येतो, पण ती टाळू नका. आतल्या चिकट स्रावाने बाहुलीची कडा मागच्या भिंगाला चिकटते आणि बाहुली गोल न राहता कुरतडलेल्या पानासारखी होते. हे औषध ती चिकटू देत नाही, ठणकाही त्यानेच उतरतो. तेवढे दिवस गाडी चालवू नका.

स्टेरॉइडची किंमत मोजावी लागते हेही खरं. तिसऱ्या वेळी माझं डोळ्याचं प्रेशर २८ झालं, एकवीसपर्यंत ठीक धरतात. थेंब बदलले, प्रेशर उतरलं. फार काळ चालले तर मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. म्हणून बोलावलेल्या तारखेला जायचंच.

दुसऱ्या खेपेनंतर तपासण्यांची यादी मिळाली. छातीचा एक्स-रे आणि टीबीची टेस्ट, कारण आपल्याकडे टीबीनेही डोळ्याला अशी सूज येते. व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची. ते नाव वाचून नवऱ्याने कागदावरून हळूच वर पाहिलं. आणि एचएलए-बी२७, म्हणजे रक्तातली एक जन्मजात खूण शोधणारी, ती पॉझिटिव्ह आली. घाबरू नका, बी२७ असलेल्या बहुतेकांना जन्मात काही होत नाही. पण डोळ्याच्या डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवून विचारलं, "सकाळी कंबर आखडते का?"

आखडायची. दहा वर्षं आखडत होती. उठल्यावर तासभर वाकून केर काढता यायचा नाही, कामाला लागलं की मोकळी व्हायची, आणि रविवारी आराम केला की जास्तच दुखायची. सगळे म्हणायचे, बाळंतपणानंतर बायकांचं होतंच. कॅल्शियम खाल्लं, डिंकाचे लाडू खाल्ले. संधिवाताच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला तेव्हा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस निघाला, माकडहाडाच्या वरच्या सांध्यांना सूज. कंबर आणि डोळा, दोन्हींमागे एकच कुत्रा.

तेव्हापासून सल्फासॅलाझिन चालू आहे आणि रोज अर्धा तास पाठीचे व्यायाम. गेल्या तीन वर्षांत एकदाच डोळा बिघडला. काहींना मेथोट्रेक्सेट देतात, काहींना अडालिमुमॅबचं इंजेक्शन लागतं. ते महाग आहे, पण २०१४ पासून भारतात बनलेलंही मिळतं. ते इंजेक्शन देण्याआधी लपलेला टीबी नाही ना, हे बघतातच. ही सगळी औषधं प्रतिकारशक्तीला आवर घालणारी आहेत. आईंच्या काढ्याच्या बरोबर उलटी दिशा.

गुळवेलीबद्दल एक. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या काही रुग्णांची नोंद छापली होती, आणि ती सूज शरीराने स्वतःवरच उलटण्याच्या धर्तीची होती. आयुष मंत्रालयाला ते मान्य झालं नाही, वाद झाला. मी त्या वादात पडत नाही, पण डोळा लाल असताना काढा पीत नाही. हळदीचं दूध पिते, आवडतं म्हणून. सिगारेट ओढत असाल तर मात्र सोडा, तिने डोळ्याची सूज चिवट होते.

तुमच्या प्रश्नात पाठीचा उल्लेख कुठेच नाही. सकाळी उठल्यावर कंबर किती वेळ धरून राहते, ते कळवा. आणि तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नसेल तर पुढच्या खेपेला आपणहून त्यांच्या कानावर घाला.