गोगलगाय, पोटात पाय आणि ‘मांसाहारी स्लग’ नावाचं कुटुंब

एका भाषांतरकार ताईंनी विचारलेला प्रश्न आहे. निसर्गविषयक मजकुराचं भाषांतर करताना त्यांनी एक वाक्य लिहिलं: ‘मांसाहारी जमिनीवरील स्लग हे कुटुंब युरोप, आफ्रिका आणि आशियात आढळते.’ लिहून झाल्यावर ते त्यांनाच टोचायला लागलं. त्यांच्या शंका अशा. स्लगला मराठी शब्द कोणता? ‘गोगलगाय’ म्हटलं की वाचकाला शंखवाली दिसते, आणि स्लग तर बिनशंखाची. ‘मांसाहारी’ बरं की ‘मांसभक्षी’? आणि ‘कुटुंब’ कानाला खटकतं, पण का खटकतं ते सांगता येत नाही.

मी शेवटून सुरुवात करतो, कारण खरी गोम तिथेच आहे.

‘कुटुंब’ मराठीत एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांचं. जुन्या पिढीतले गृहस्थ तर ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ म्हणत आणि त्यात फक्त बायको येई. प्राणिशास्त्रात आपल्याकडे रुळलेला शब्द आहे ‘कुल’. संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी ही उतरंड. (जाता जाता: वर्तमानपत्रं ‘बेडकाची नवी प्रजाती सापडली’ असं छापतात तेव्हा सापडलेली असते जाती. मराठी परिभाषेत प्रजाती म्हणजे जातीच्या वरची पायरी, जिला ‘वंश’ही म्हणतात. हिंदीत ‘प्रजाति’ हा शब्द खालच्या पायरीला वापरतात, तो आपल्याकडे तसाच उतरला आणि गोंधळ झाला. आता तो निस्तरणं अवघड दिसतं, पण निदान भाषांतरात तरी जपावं.)

तर ‘कुटुंब’ खोडून ‘कुल’ लिहा. पण तेवढ्याने वाक्य बरोबर होत नाही, कारण असं कुलच नाही. ‘स्लग’ हे कुणाच्याच कुळाचं नाव नाही. आपल्याकडच्या ‘पाटील’ या आडनावासारखं आहे ते. पाटील म्हणजे गावचा वतनदार. ते आडनाव कामावरून पडलं, रक्तावरून नाही. म्हणून पाटील सगळ्या जातीधर्मांत सापडतात आणि दोन पाटील भेटले तर ते भाऊबंद असतीलच असं नाही. तसं ज्या गोगलगायीचा शंख झिजत झिजत नाहीसा झाला, किंवा कातडीखाली चकतीएवढा उरला, ती स्लग. हे झिजणं एकदाच घडलेलं नाही. वेगवेगळ्या वंशरेषांत, वेगवेगळ्या खंडांवर, अनेकदा घडलं आहे.

मधल्या पायरीवरच्याही आहेत, शंख आहे पण अंग आत मावत नाही अशा. इंग्रजीत त्यांना ‘सेमी-स्लग’ म्हणतात. आपल्या आंबोलीची ‘वराडिया आंबोलिएन्सिस’ त्यातलीच. 2021 मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि प्रजातीला सरीसृपतज्ज्ञ वरद गिरी यांचं नाव दिलं गेलं. ‘सेमी-स्लग’ला मी ‘अर्धशंखी’ म्हणतो. अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनीअससारखा माणूसही इथे फसला. 1758 च्या आपल्या ग्रंथात त्याने शंख असलेल्यांना ‘टेस्टासिया’ या गणात घातलं आणि बिनशंखाच्या ‘लायमॅक्स’ला ‘मोलस्का’ या वेगळ्या गणात. त्या दुसऱ्या गणात तिच्या शेजारी कोण, तर जेलीफिश, तारामासा आणि माकूळ! म्हणजे बागेतली बिनशंखाची गोगलगाय शंखवालीपेक्षा जेलीफिशच्या जवळची ठरली. आपल्या कुठल्याही शेतकऱ्याने ही चूक केली नसती, कारण त्याच्या भाषेत दोघींना मुळात शब्दच एक आहे. शंखी गोगलगाय आणि बिनशंखाची गोगलगाय. 2022 मध्ये मराठवाड्यात सोयाबीन फस्त झालं तेव्हा ‘शंखी गोगलगाय’ हा शब्द रोज पेपरात होता. ‘शंखी’ हे विशेषण लावावं लागतं, याचाच अर्थ नुसत्या ‘गोगलगाय’मध्ये शंख गृहीत नाही.

म्हणून पहिल्या शंकेचं उत्तर: स्लगला वेगळा शब्द शोधू नका. जर्मन भाषेचंही आपल्यासारखंच आहे. तिथे गोगलगाय ती ‘श्नेके’ आणि स्लग म्हणजे ‘नाक्टश्नेके’, शब्दशः नागडी गोगलगाय. आमच्या घरीही आजी न्हाणीघरातल्या गोगलगायीला ‘नागडी’च म्हणायची आणि वर मीठ घेऊन धावायची. छापील मजकुरात ‘बिनशंखी गोगलगाय’ लिहा. पुढे नुसतं ‘बिनशंखी’ पुरतं.

आता मांसाहारी मंडळींकडे. इथे मामला जास्त रंगतदार आहे, कारण इथे दोन आडनावं एकत्र आली आहेत. बिनशंखी हे एक आणि मांसाहारी हे दुसरं. दोन्ही कामावरून पडलेली.

एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांना वाटलं होतं की मांस खाणाऱ्या भूचर गोगलगायी एका घरातल्या असाव्यात. पुरावाही वरवर पक्का होता. पाला खाणाऱ्या गोगलगायीला वरच्या बाजूला एक कडक जबडा असतो. पान त्यावर धरायचं आणि जिभेवरच्या दातेरी पट्टीने, कानशीने घासावं तसं, खरवडायचं. शिकारी गोगलगायींत हा जबडा नसतो. कानशीवरचे दात संख्येने कमी, पण लांब, टोकदार आणि आत वळलेले. म्हणून त्या सगळ्यांना मिळून ‘ॲग्नाथा’ म्हणजे जबडाहीन असं नाव पडलं. (हेच नाव जबडा नसलेल्या माशांच्या गटालाही आहे. शोधताना दोन्हींची सरमिसळ होते, तेव्हा सावध.) पुढे कळलं ते उलटंच. जबडा नाही म्हणून त्या एका वंशाच्या ठरत नाहीत. मांस ओढून गिळणाऱ्याला जबड्याचं कामच नसतं, म्हणून ज्या ज्या घरात कुणी मांस खायला लागलं तिथे तिथे जबडा गेला. सगळ्या संन्याशांनी डोकं भादरलं म्हणून ते एका आईची लेकरं होत नाहीत.

अशा शिकारी बिनशंखींच्या घरांपैकी पहिलं टेस्टासेलाचं. ती जवळून पाहण्यासारखी आहे. पश्चिम युरोपातल्या आणि ब्रिटनमधल्या बागांत ती मातीखाली राहते. दिसते ती खणताना, नाहीतर मोठ्या पावसानंतर. अंग मळकट पिवळसर, पुढे निमुळतं, मागे जाड. शेपटीच्या टोकाशी नखाएवढा चपटा शंख, टोपी चुकून भलत्या जागी ठेवावी तसा. त्या शंखाच्या पुढच्या कडेपासून दोन्ही कुशींवरून दोन बारीक चरे डोक्याकडे जातात. भक्ष्य गांडूळ. बिळात गांडूळ लागलं की ती तोंडाच्या आतली सगळी यंत्रणा दातांसकट बाहेर उलटवते, आकडेदार दात रुतवते आणि परत आत ओढते. मग शेवयाची लांब काडी तोंडात ओढत न्यावी तसं गांडूळ हळूहळू आत जातं. हे यंत्र इतकं मोठं असतं की अंगाचा बराच भाग त्यानेच भरलेला असतो. बाकीच्या अवयवांना आणि त्या बिचाऱ्या शंखाला मागे सरकावं लागलं ते बहुधा त्यामुळेच.

नावही पाहा. लॅटिनमध्ये ‘टेस्टा’ म्हणजे मातीचं भांडं, खापर आणि त्यावरून कवच. त्याचं लहानुलं रूप टेस्टासेला. मराठीत ‘खापरी’ म्हटलं तर अर्थ आणि लघुत्व दोन्ही साधतं. 1801 मध्ये फ्रेंच अभ्यासक द्रापार्नो यांनी तिच्या एका जातीला ‘हॅलिओटिडिया’ नाव दिलं, कारण तो छोटा शंख हॅलिओटिस या कानाच्या आकाराच्या समुद्री शिंपल्यासारखा दिसतो. गंमत म्हणजे न्यूझीलंडमध्ये अगदी असाच कानाकृती शंख पाठीमागे मिरवणारी शिझोग्लोसा नावाची शिकारी गोगलगाय आहे आणि तिथले लोकही तिला त्याच शिंपल्याच्या माओरी नावावरून ‘पाउआ स्लग’ म्हणतात. चेहरा तोच, धंदा तोच, उपमासुद्धा तीच, पण कुळ वेगळं. शिझोग्लोसा ऱ्हिटिडिडी कुलातली. दक्षिण आफ्रिकेतली क्लॅमिडेफोरस याच ऱ्हिटिडिडीच्या भाऊबंदांपैकी. तिचा शंख आता कातडीखालीच आहे.

काळ्या समुद्राच्या पूर्वेला, कॉकेशस पर्वतात, तिसरंच घराणं आहे: ट्रायगोनोक्लॅमिडिडी. त्यातली सेलेनोक्लॅमिस यस्ब्रिडा वेल्समध्ये कार्डिफच्या परिसरातल्या बागांत सापडली आणि 2008 मध्ये रोसन आणि सायमंडसन यांनी तिला नाव दिलं. पांढरीफटक, डोळे नाहीत, रात्री जमिनीखाली गांडुळांच्या मागावर. ‘यस्ब्रिड’ म्हणजे वेल्श भाषेत भूत. प्रजातीचं नाव ग्रीक, चंद्र आणि झगा यांवरून. ताई, तुमच्या मजकुरात ‘घोस्ट स्लग’ आली तर कृपा करून ‘भुताटकी गोगलगाय’ करू नका. भुताटकी ही घटना असते, प्राणी नव्हे. ‘भूत-गोगलगाय’ चालेल. मला विचाराल तर ‘हडळ’ जास्त शोभेल, लिंगही जुळतं. पण शास्त्रीय मजकुरात तेवढी सूट कोण देणार?

आणि चौथं घर तर वेशीबाहेरचं. वर आलेल्या सगळ्या निदान एका मोठ्या शाखेतल्या आहेत, जिचे डोळे, असले तर, लांब शिंगांच्या टोकावर असतात आणि शिंगं हात लावताच मोजा उलटा करून आत ओढावा तशी आत जातात. आग्नेय आशियातली ॲटोपॉस ही त्या शाखेतलीच नाही. तिच्या राथुइसिइडी कुलाच्या शिंगांना हात लावला तर ती उलटत नाहीत, नुसती आखडतात. ही दुसऱ्या गोगलगायींवर ताव मारते. ‘ॲटोपॉस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ जागेवर नसलेला, म्हणून विचित्र. मराठीत त्याला तयार शब्द आहे: ‘अस्थानी’. 1891 मध्ये सिमरोट यांनी ठेवलेलं हे नाव वर्गीकरणाच्या दृष्टीनेही चपखल आहे.

या अस्थानीची जवळची नातलग मात्र आपल्या घरात येते. पावसाळ्यात न्हाणीच्या भिंतीवर, कुंडीखाली चामड्याच्या तुकड्यासारखी चपटी, काळपट, पाठीवर फिकट रेघ असलेली जी बिनशंखी दिसते ती लीव्हिकॉलिस आल्टे. मूळची आफ्रिकेतली, आता भारतभर. आजी मीठ घेऊन धावायची ती हिच्याच मागे. काडीने तिचं शिंग हळूच शिवून पाहा, आखडतं की उलटतं. शिवाय पाठीवर बाकीच्या बिनशंखींसारखं खोगिराच्या आकाराचं जाड कातडं नाही आणि उजव्या कुशीवर श्वासाचं भोक नाही. ती शुद्ध शाकाहारी आहे, भाजीची रोपं खाते. पण युरोपातल्या गांडूळखाऊ टेस्टासेलापेक्षा तिचं अस्थानीशी नातं कितीतरी जवळचं.

उलटा नमुनाही आहे. सह्याद्रीत स्ट्रेप्टॅक्सिडी कुलातल्या चिमुकल्या शंखवाल्या शिकारी गोगलगायी आहेत. एकीच्या नावातच ‘सह्याद्रिएन्सिस’ आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनएवर आधारलेल्या वंशवृक्षात हे कुल कुणाच्या शेजारी बसलं? सोयाबीन खाणाऱ्या आफ्रिकी शंखी गोगलगायीच्या शाखेत. म्हणजे जेवणाच्या ताटावरून कुळ ओळखायला गेलात तर दोन्हीकडे फसाल.

आता ‘मांसाहारी’. मला हा शब्द इथे थोडा खाणावळीतला वाटतो. चुकीचा नाही, पाठ्यपुस्तकांत वाघ-सिंह मांसाहारीच असतात. पण बागेतल्या कितीतरी साध्या बिनशंखी मेलेल्या किड्याला तोंड लावतात. तुम्हाला त्या नको आहेत. जिवंत भक्ष्य धरणाऱ्या हव्या आहेत. ‘मांसभक्षी’ने हा फरक होत नाही, शब्द फक्त जड होतो. शेतीच्या लेखनात यासाठी ‘परभक्षी’ रुळला आहे: परभक्षी कीटक, परभक्षी कोळी. तो नेमका आहे. ललित अंगाने लिहायचं असेल तर ‘शिकारी’. आणि भक्ष्य ठाऊक असेल तिथे आपला ‘-खाऊ’ प्रत्यय वापरा: गांडूळखाऊ गोगलगाय. अस्थानीला मग ‘गोगलगायखाऊ गोगलगाय’ म्हणावं लागेल. जिभेची कसरत आहे, पण खोटं काही नाही.

‘जमिनीवरील’ विशेषणाच्या मधोमध घुसवू नका. ‘मांसाहारी जमिनीवरील’ वाचताना क्षणभर जमीनच मांसाहारी वाटते. ‘भूचर’ म्हणा. टेस्टासेलासारख्या तर जमिनीवर नसतातच, जमिनीत असतात.

एक राहिलं. कुणी म्हणेल की मवाळपणाचा नमुना असलेल्या गोगलगायीला ‘शिकारी’ म्हणणं मराठी कानाला पटेल का? इंग्रजीतही ‘स्लग’ हा शब्द आधी आळशी माणसाला होता, प्राण्याला नंतर चिकटला. पण आपली म्हण काय सांगते? ‘गोगलगाय आणि पोटात पाय.’ वरून गरीब, आतून वस्ताद अशा माणसाला आपण ती लावतो. शरीररचनेच्या अंगानेही म्हण खरी आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस या सगळ्या वर्गाला ‘गॅस्ट्रोपोडा’ नाव दिलं, म्हणजे ग्रीकमध्ये पोट आणि पाय. आपण त्याचं ‘उदरपाद’ असं संस्कृत केलं आणि ते मुलांकडून पाठ करून घेतो. म्हण आधीच तोंडात होती हे कुणी त्यांना सांगत नाही. टेस्टासेलाच्या बाबतीत फार तर ‘पोटात दात’ अशी दुरुस्ती करता येईल.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘परभक्षी भूचर बिनशंखी गोगलगायी युरोप, आफ्रिका, आशिया आणि न्यूझीलंडमध्ये आढळतात, त्या एका कुलातल्या नसून निरनिराळ्या कुलांत स्वतंत्रपणे उत्क्रांत झाल्या आहेत.’ न्यूझीलंड मी शिझोग्लोसासाठी घातलं आहे, मूळ मजकुरात नसेल तर काढा. अनेकवचन ‘गोगलगायी’ किंवा ‘गोगलगाई’, दोन्ही चालतं. एका लेखात एकच ठेवा.