जीभ घासताना जोर किती लावावा?

प्रश्न : दोन्ही वेळा दात घासूनही सकाळी उठल्यावर माझ्या तोंडाला वास येतो आणि जिभेवर पांढरट थर दिसतो. सासूबाईंनी भांडी बाजारातून तांब्याची पट्टी आणून दिली आहे, परंतु ती मागे नेली की ओकारी येते आणि जोर लावला की जीभ चुरचुरते. एकदा तर रक्तही आले. घरातील मंडळी म्हणतात की पोट साफ नसल्यामुळे असे होते. पट्टी वापरावी की ब्रशनेच जीभ घासावी?
– एक वाचक भगिनी, पंचवटी

उत्तर : प्रथम पोटाविषयी. माझ्याकडे येणारे बरेच रुग्ण आधी महिनोन्‌महिने चूर्ण घेऊन आलेले असतात. प्रत्यक्षात तोंडाच्या दुर्गंधीचे मूळ बहुतेक वेळा तोंडातच, म्हणजे जिभेच्या मागच्या भागात, हिरड्यांत किंवा किडलेल्या दातात असते. जिभेचा पृष्ठभाग गालिच्यासारखा असतो. त्यावरील बारीक उंचवट्यांच्या मधे अन्नाचे कण, झडलेल्या पेशी आणि जंतू अडकतात, आणि प्राणवायूशिवाय वाढणारे जंतू तेथील प्रथिनांचे विघटन करून गंधकयुक्त वायू सोडतात. रात्री लाळ कमी सुटते, तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्यांचे तर ते कोरडेच पडते, म्हणून हा वास सकाळी अधिक जाणवतो. खात्री करायची असल्यास एक चमचा उपडा धरून जिभेच्या मागच्या भागावरून हलकेच ओढावा, त्यावर आलेला थर क्षणभर वाळू द्यावा आणि मग हुंगून पाहावा. वास तोच असेल, तर आपल्याला पोटाचे औषध नको, जिभेची स्वच्छता हवी.

सासूबाईंनी दिलेली पट्टी अवश्य वापरावी. ब्रशनेही थर निघतो, पण पट्टीने तो थोडा अधिक निघतो आणि ब्रशइतकी ओकारीही सहसा येत नाही. पट्टी तांब्याची की स्टीलची, याला मी फारसे महत्त्व देत नाही; महत्त्व तिच्या कडेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात जीभ साफ करण्याच्या साधनांसाठी सोने, रूपे, तांबे, कथील आणि पितळ असे पाच धातू सांगितले आहेत, परंतु त्याच जागी ही साधने वाकलेली आणि धार नसलेली असावीत, हेही सांगितले आहे. आपण धातू लक्षात ठेवला आणि धारेचे विसरलो, याचे मला वाईट वाटते. नवी पट्टी आणल्यावर तिची कड मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवून पाहावी. तेथे ओरखडा उठला, तर ती जिभेला लावू नये.

कृती अगदी साधी आहे. सकाळी उपाशीपोटी, दात घासून झाल्यावर, जीभ शक्य तितकी बाहेर काढावी, श्वास हळूहळू सोडत राहावे आणि पट्टी मागून पुढे एकाच दिशेने, स्वतःच्या वजनाने सरकेल इतक्याच दाबाने ओढावी. दरवेळी पट्टी धुऊन तीन-चार वेळा असे करणे पुरेसे आहे. ओकारी येत असेल, तर पहिले काही दिवस जिभेच्या मध्यापासून सुरुवात करावी आणि रोज थोडे थोडे मागे जावे; आठ-दहा दिवसांत बहुतेकांना सवय होते. अगदी मागे इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात मांडलेल्या मोठ्या गोल पुटकुळ्या दिसतील. त्या प्रत्येकाच्या जिभेवर असतात, त्यांना गाठी समजून खरवडू नये. थोडा पांढरेपणा निरोगी जिभेवरही राहतो, त्यामुळे जीभ लालबुंद होईपर्यंत घासण्याचा हट्ट धरू नये. रक्त आले, तर दोन-तीन दिवस पट्टी बाजूला ठेवावी. घरातील प्रत्येकाची पट्टी वेगळी असावी आणि वापरानंतर ती धुऊन कोरडी करावी. एवढे करूनही दोन-तीन आठवड्यांत वास कमी झाला नाही, तर दंतवैद्याकडून हिरड्या तपासून घ्याव्यात.

प्रश्न : माझे वडील अनेक वर्षे मशेरी लावतात. त्यांच्या जिभेच्या कडेला पांढरा चट्टा आहे, तो कितीही घासला तरी निघत नाही. दुखत मात्र नाही. कोणती पट्टी आणावी?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : कृपया कोणतीही पट्टी आणू नये आणि तो चट्टा घासणेही आजच थांबवावे. खरवडून निघतो तो थर. जो निघत नाही, तो त्वचेतच झालेला बदल असतो, आणि तंबाखू भाजून केलेली मशेरी वापरणाऱ्यांमध्ये असा चट्टा कर्करोगाची पूर्वावस्था असू शकतो. प्रत्येक चट्टा तसा नसतो, परंतु हे डोळ्यांनी पाहून ठरत नाही, गरज वाटल्यास त्याचा लहानसा तुकडा काढून तपासावा लागतो. दुखत नाही म्हणून थांबू नये, कारण सुरुवातीच्या काळात असे चट्टे बहुधा दुखत नाहीत. वडिलांना याच आठवड्यात दंतवैद्याकडे किंवा मुखरोगतज्ज्ञाकडे घेऊन जावे, मशेरीची डबी सोबत न्यावी आणि ती किती वर्षे, दिवसातून किती वेळा लावतात, हे न लपवता सांगावे.