इंटरव्ह्यू तिचा आहे, तिला एकटीला जाऊ द्या

मॅडम, आम्ही एकोणीस वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलगी 23 वर्षांची आहे, बायॉलॉजीची पदवी, जीपीए 3.6. एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) एकदा दिली, 503 आले. मग तिने आमच्या मनाविरुद्ध फिजिशियन असिस्टंटसाठी (पीए) अर्ज केले आणि आता नॉर्थ कॅरोलिनातल्या एका प्रोग्रॅमचा आपल्याला कॉल आला आहे. शुक्रवारी सकाळी आठला इंटरव्ह्यू. गुरुवारी ह्यांचं ऑफिस सुटलं की आम्ही चौघं, तिच्या भावासकट, गाडीने निघणार, सात-आठ तासांचा रस्ता आहे. ‘पीए-च का?’ असं विचारलं तर तिला काय सांगायला सांगू? पुढे एमडी, म्हणजे इथली डॉक्टरची पदवी, करायचं आहे म्हटलं तर चांगलं दिसेल ना? पीए झालं की मेडिकलची तेवढी वर्षं कमी होतात, असं ह्यांच्या मित्राने सांगितलं. ह्यांचं म्हणणं, इंटरव्ह्यू दे, पण एमकॅटचा अभ्यास सोडू नकोस. (ती वीसेक महिने शनिवार-रविवार रात्री अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करते, 2100 तास झाले म्हणते. मंडळात आम्ही हे कुणाला सांगितलेलं नाही. एकदा सकाळी सहाला आली आणि अर्धा तास ड्राइव्हवेत गाडीतच बसून राहिली. मी खिडकीतून बघत होते. दमली असेल म्हणून काही विचारलं नाही.)
— एक आई, एडिसन

ताई,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचताना मी प्रश्नांची उत्तरं मनात जुळवत होते. दुसऱ्यांदा वाचताना कंसातल्या मजकुरावर अडकले, आणि खरं सांगायचं तर अजून तिथेच आहे.

तुम्ही जे मंडळात लपवताय, त्याच्याच जोरावर तिला हा कॉल आला आहे. पीएचे बहुतेक प्रोग्रॅम मार्कांइतकंच, काही तर मार्कांहून जास्त, एक गोष्ट बघतात: अर्जदाराने खऱ्या पेशंटला हात लावून किती काम केलंय. ईएमटी (अ‍ॅम्ब्युलन्सवरचे तंत्रज्ञ), मेडिकल असिस्टंट, नर्सिंग असिस्टंट म्हणून केलेले तास अर्जात मोजून लिहावे लागतात. तुमच्या लेकीने ते तास शनिवार-रविवारच्या रात्री जागून मिळवले. तिच्या वयाच्या मुली त्या रात्री कुठे असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि तो गाडीतला अर्धा तास. त्या रात्री काय झालं होतं, कोण पेशंट होता, तो वाचला का, हे तुम्हाला अजून माहीत नाही. शुक्रवारी समोर बसलेले अनोळखी प्राध्यापक तिला बहुधा हेच विचारतील, “तुमच्या लक्षात राहिलेल्या एका पेशंटबद्दल सांगा.” म्हणजे ती हे पहिल्यांदा परक्यांना सांगेल. मला याचं वाईट वाटलं. तुम्ही खिडकीशी उभ्या होतात, म्हणजे काळजी होतीच. मग दार उघडून बाहेर का आला नाहीत? तिचं काम कमीपणाचं आहे असं घरात ठरलं, की त्या कामाचं दुःखही घरात बोलता येत नाही. मुलं ते गाडीत बसून एकटीच गिळतात.

आता ‘आपल्याला कॉल आला’ याबद्दल. हे आपण सगळेच प्रेमाने म्हणतो, ‘आपली दहावी’, ‘आपली ॲडमिशन’. पण तुमच्या बेतात कुटुंबातले चौघंही आहेत आणि तिच्यासाठी जागाच उरलेली नाही. वेळ बाबांच्या ऑफिसची, गाडी घरची, उत्तर आईचं, पुढचं ध्येय बाबांच्या मित्राचं. रात्रभर आय-95 वरून वॉशिंग्टन, रिचमंड करत मागच्या सीटवर भावाशेजारी अवघडून बसलेली मुलगी सकाळी आठला सूट घालून ताजीतवानी दिसेल, असं तुम्हाला खरंच वाटतं? आणि आई-वडील पार्किंगमध्ये बसलेत हे माहीत असताना ती मोकळं बोलेल?

माझ्याकडे एक मुलगा यायचा. त्याच्या प्रत्येक मुलाखतीला वडील बाहेरच्या बाकावर बसून असायचे. तो मला म्हणाला होता, “मॅडम, आत मी उत्तर देतो आणि बाहेर त्याचा हिशोब देतो.” तुमच्या लेकीला असा हिशोब द्यायला लावू नका.

मित्राने सांगितलेली गोष्ट मात्र आजच डोक्यातून काढा, कारण तिच्यामुळे हातातली संधी जाऊ शकते. पीए झाल्याने मेडिकलची वर्षं कमी होत नाहीत. पीएंसाठी तीन वर्षांचा डीओचा (एमडीसारखीच डॉक्टरची पदवी) मार्ग असलेली एक संस्था पेन्सिल्व्हेनियात आहे, पण तो अपवाद. एरवी एमकॅट, अर्ज आणि चार वर्षं, सगळं पहिल्यापासून. हा समज ‘असिस्टंट’ या शब्दातून येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, डॉक्टरच्या हाताखालची, अर्ध्या वाटेवर थांबलेली नोकरी. हा पेशा सुरू झाला तो तुमची मुलगी जिथे जाणार आहे त्याच राज्यात. 1965 साली डरहॅमच्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चार माजी सैनिकांना घेऊन पहिला वर्ग काढला. त्यांतले तिघे 6 ऑक्टोबर 1967 ला उत्तीर्ण झाले. कॉलेजची पायरी न चढता ज्यांनी जखमी माणसं हाताळली होती, अशांच्या अनुभवाला स्टेड यांनी शिक्षणाची जोड दिली. अ‍ॅम्ब्युलन्सवरच्या तासांना आजही एवढी किंमत आहे ती म्हणूनच. आजचे पीए पेशंट तपासतात, निदान करतात, ऑपरेशनमध्ये सर्जनसोबत उभे राहतात, पन्नासही राज्यांत औषधं लिहून देतात. डॉक्टरशी कामाचं नातं कसं असावं याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. एका शाखेतून दुसऱ्या शाखेत जायला त्यांना नवी रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं काही वर्षांचं प्रशिक्षण, करावी लागत नाही, ही सोय डॉक्टरांनाही नाही. 2021 मध्ये त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने पेशाचं नावच ‘फिजिशियन असोसिएट’ करायचं ठरवलं, कारण जुन्या नावाने असाच गोंधळ होत होता.

मग ‘पुढे एमडी करायचंय’ हे वाक्य मुलाखत घेणाऱ्याला कसं ऐकू येईल? की ही मुलगी आमची जागा अडवेल आणि मन दुसरीकडे ठेवेल. ‘डॉक्टर का नाही?’ हा प्रश्न तिथे जवळजवळ ठरलेलाच असतो. त्याचं उत्तर तुम्ही लिहून देऊ नका, मीही देणार नाही. 2100 तासांनंतर ते तिच्याजवळ आहे.

एमकॅटबद्दल एवढंच: एमडीला प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी 511 च्या पुढे असते, आणि साडेसात तासांची ती परीक्षा जिला परत द्यायची नाही तिला कुणी 503 वरून तिथे नेऊ शकत नाही. तिच्या बाबांना माझा निरोप द्या. ‘इंटरव्ह्यू दे, पण’ यातला ‘पण’ तिला शुक्रवारपर्यंत तरी ऐकवू नका. मनात दोन दगडांवर पाय ठेवून बोलणारी मुलं समोरच्याला लगेच कळतात.

तिने तिथे काय विचारावं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगते. मुलाखतीत ते तिला पारखतात, तसं तिनेही त्यांना पारखायचं. प्रोग्रॅमची मान्यता कोणत्या स्थितीत आहे, पूर्ण की प्रोबेशनवर? पदवीनंतरच्या पॅन्स या परीक्षेत त्यांचे किती विद्यार्थी पहिल्या फटक्यात पास होतात, आणि किती मध्येच सोडून जातात? हे आकडे प्रोग्रॅमला वेबसाइटवर द्यावेच लागतात, तिने जाण्याआधी वाचावेत. तिथे गेल्यावर विचारायचं ते क्लिनिकल रोटेशनबद्दल: हॉस्पिटलं कॉलेज ठरवून देतं का, किती लांबची असतात, गाडी लागते का. हे प्राध्यापकांपेक्षा दुपारच्या जेवणाला भेटणारे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी खरं सांगतील. त्यांच्याशी ती कशी बोलते हेही बघितलं जातं, एवढं तिला सांगून ठेवा. काही ठिकाणी ग्रुपमध्ये काम देतात, काही ठिकाणी दर सात-आठ मिनिटांनी खोली आणि प्रश्न बदलतात. प्रोग्रॅमने पाठवलेल्या पत्रात काय लिहिलंय ते तिने नीट बघावं, नसेल तर प्रोग्रॅमच्या ऑफिसला मेल करावी.

प्रवासाचं असं करा. तिने न्यूअर्कहून रॅली-डरहॅमला गुरुवारी सकाळचं विमान घ्यावं. दिवसाचं शेवटचं नको, ते रद्द झालं तर हातात काही राहत नाही. सूट आणि बूट जवळच्या बॅगेत, सामानात द्यायचे नाहीत. हॉटेल कॅम्पसजवळ, काही प्रोग्रॅमचा हॉटेलांशी सवलतीचा दर ठरलेला असतो, तो तिने विचारावा. हा खर्च उमेदवारानेच करायचा असतो, तेवढा तुम्ही उचललात तर तिला मोठीच मदत होईल. संध्याकाळी तिने इमारत आणि दार बघून यावं. शुक्रवारी परतीचं विमान रात्रीचं घ्यावं, मुलाखती लांबतात.

तुम्ही विमानतळावर सोडायला जा, आणायलाही जा. आणि बुधवारी रात्री, बॅग भरून झाली की, त्या सकाळबद्दल तिला विचारा. ती काय सांगेल ते मधे न बोलता ऐका, बाबांनाही बोलवा. तिला सांगायचं नसेल तर तसं म्हणेल, तेही चालेल.