नवीनच व्हिडिओ एडिटिंग शिकतोय, घरचेच नावं ठेवतात. हुरूप कसा टिकवायचा?

सहा महिने रात्री जागून व्हिडिओ जोडताय आणि घरातलेच 'हे काय केलंस' म्हणतात, हे तुमच्या प्रश्नात वाचलं आणि आमचा मामा डोळ्यांपुढे आला. म्हणून लिहायला बसलो. मी काही मोठा एडिटर नाही. दिवसा बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या भागात, एका फौंड्रीचे हिशेब लिहितो, रात्री दाविंची रिझॉल्व्ह ह्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या फुकटच्या आवृत्तीत डोकं घालून बसतो.

मामाचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे, आणि बेळगावची शिवजयंती तुम्हाला माहीत असेलच. तिकडं महाराष्ट्रात 19 फेब्रुवारीला होते, आमच्याकडं वैशाखात, तिथीनं. मग चित्ररथांची मिरवणूक, ट्रॉलीवर सजीव देखावे, रात्रभर. एका वर्षी आमच्या गल्लीच्या लेझीम पथकाचं शूटिंग मी मोबाईलवर केलं. पुढचा चित्ररथ हलेना, त्यामुळे पथक एकाच जागी बारा मिनिटं खेळलं. ते सलग घेतलं आणि तीन आठवडे बसून व्हिडिओ केला.

मंडळाच्या खोलीत पांढरी चादर बांधून दाखवला. संपल्यावर मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "एडिटिंग कुठं केलास रे? एक इफेक्ट नाही की ह्यात. नुसतं तोडून जोडलायस." पोरं हसली. मी दोन महिने लॅपटॉप उघडला नाही.

पण त्याच रात्री आणखी एक जण बोलले होते, ते रागात माझ्या डोक्यात शिरलंच नाही. लेझीम शिकवणारे आप्पा, सत्तरीचे, मोबाईलवर फोन घेण्यापलीकडं काही न करणारे. निघताना चप्पल पायात सरकवत एवढंच म्हणाले, "शेवटाला पोरांचं पाय आधी पडतंय, आवाज मागनं यायलाय."

दोन महिन्यांनी बघितलं तर खरंच. पहिल्या मिनिटाला सगळं बरोबर, अकराव्या मिनिटाला लेझीम छातीशी येऊन गेल्यावर 'छन्' ऐकू येतंय. कारण असं, की मोबाईल एका ठरलेल्या वेगानं फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक चित्रं, घेत नाही. अंधार पडला की जास्त उजेड मिळावा म्हणून फ्रेम कमी करतो, देखाव्याचे दिवे समोर आले की वाढवतो. आवाज मात्र आपल्या चालीनं चालतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम सारख्या अंतराच्या धरून चाललं, की क्लिप लांबेल तशी दोघांची ताटातूट होते. उपाय सोपा आहे: एडिटिंगला घेण्याआधी क्लिप हँडब्रेक नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेम रेट', म्हणजे फ्रेमचा वेग एकसारखा, करून काढायची. तीन आठवडे मान मोडून बसलेल्या मला हे दिसलं नव्हतं. ज्यांच्या कानात चाळीस वर्षांची लेझीम आहे त्यांना एका बैठकीत दिसलं.

तेव्हापासून कुणी नाव ठेवलं की मी एकच विचारतो, "कितव्या मिनिटाला?" मिनिट सांगितलं तर वहीत लिहून घेतो. 'मजा नाही आली' एवढंच असेल तर चहा पाजतो आणि विसरतो. 'लई भारी' म्हणणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारा, तोही गडबडतो.

आणि इफेक्टचं म्हणाल तर मामाचं मला आजही पटत नाही. लेझीमचा ठोका म्हणजेच कट. ठोक्यावर कापलं की बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही कुठं कापलंय. तिथं एक सेकंदाचं गरगर फिरणारं ट्रान्झिशन घातलं तर दोन ठोके गिळले जातात, आणि मग आप्पा काय म्हणतील? लग्नात नवरानवरी बदामात घालून आकाशात उडवा, लोक त्याचे पैसे देतात. मला कुणी पैसे देत नाही, म्हणूनच मला उडवायची गरज नाही. तुम्हीही हौशी आहात ना? मग गिऱ्हाईक असल्यासारखं घरच्यांना का घाबरताय?

हुरूपाचं माझ्याकडं फारसं काही नाही. मी लांबीच कमी केली, तीन मिनिटांच्या वर काही करत नाही, आणि मिरवणूक दरवर्षी येतेच. ती थांबत नाही, म्हणून मीही बसतो.

एक सांगायचं राहिलं. मामा त्या रात्री आणखी एक बोलला होता, "दिव्यावर काळ्या पट्ट्या पळायलात, शटर पन्नासवर ठेवायचं असतंय." ते शंभर टक्के खरं होतं. आपली वीज 50 हर्ट्झची, साधे दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात, म्हणून शटर, म्हणजे एकेक फ्रेम टिपायचा वेळ, 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवलं की पट्ट्या जातात. म्हणजे मामाला सरसकट बाद करून चालत नाही. आणि उद्या तुम्ही पैसे घेऊन काम करायला लागलात तर माझं वरचं इफेक्टवालं सगळं सोडून द्या, गिऱ्हाईक म्हणेल तसं करा.

परवा मामानंच एका लग्नाची क्लिप पाठवली. "सनई सरकायलीय, बघ जरा." मी विचारलं, कितव्या मिनिटाला? "नवव्यापासनं." फ्रेम रेट सरळ करून परत पाठवली. चौथ्या मिनिटाला नवरीच्या डोक्यामागून एक भलामोठा गुलाब उमलत होता. तो मी तसाच ठेवला.