एगॉन म्युलर : घरच्या ट्रॅकची कृपा की अंगचं कसब?

लाँगट्रॅक आणि स्पीडवे हे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींचे दोन प्रकार. प्रश्न असा आलाय : लाँगट्रॅकचा तीनदा जगज्जेता असलेल्या जर्मनीच्या एगॉन म्युलरला स्पीडवेचं विश्वविजेतेपद एकदाच मिळालं, तेही १९८३ साली जर्मनीतच, नॉर्डेनला. मग ती घरच्या ट्रॅकची कृपा म्हणायची का?

मी बरीच वर्षं जर्मनीत राहतो आणि या शर्यती न चुकता बघतो. माझं उत्तर ठामपणे ‘नाही’ असं आहे.

त्या काळची फायनल समजून घ्या. सोळा रायडर, वीस हीट म्हणजे छोट्या शर्यती, एका हीटमध्ये चौघं. प्रत्येकाच्या वाट्याला पाच हीट. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. हीट अशा लावलेल्या असतात की प्रत्येकाची गाठ उरलेल्या पंधराही जणांशी एकेकदा पडतेच. म्युलरने पाचही हीट जिंकल्या, १५ पैकी १५ गुण. म्हणजे आलेल्या एकूण एक रायडरला त्याने त्या दिवशी समोरासमोर हरवलं. दुसरा ऑस्ट्रेलियाचा बिली सँडर्स, तिसरा इंग्लंडचा मायकेल ली, जो १९८० चा जगज्जेता होता. माती ओळखीची असेल, प्रेक्षकही घरचे असतील, पण सुरुवातीची फीत वर उडाली की क्लच कधी सोडायचा हे प्रेक्षक सांगत नाहीत. आणि तेव्हा म्युलर चौतीस वर्षांचा होता.

माझ्या मते त्याचं खरं मोठेपण वेगळंच आहे. स्पीडवे आणि लाँगट्रॅक लांबून सारखे दिसतात. दोन्हीकडे ५०० सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, मिथेनॉल इंधन, ब्रेक नाही, वळणं फक्त डावीकडे. पण स्पीडवेचा ट्रॅक तीन-चारशे मीटरचा, चार फेऱ्या मिनिटभरात संपतात. पहिल्या वळणावर मागे पडलात तर सावरायला जागाच उरत नाही. लाँगट्रॅक हजार मीटरपर्यंत लांब, काही ठिकाणी तर घोड्यांच्या शर्यतीचाच. तिथे प्रचंड वेगात गाडी आडवी घालून ते लांबलचक वळण पार करायचं, मनगट न डगमगता. गाडीही वेगळी असते, तिला दोन गिअर असतात. एकाची सवय दुसऱ्यात आडवी येते. जर्मनीने लाँगट्रॅकचे मोठे रायडर भरपूर दिले, कार्ल मायर चारदा जगज्जेता झाला, गेर्ड रिस तर आठदा. पण स्पीडवेचं वैयक्तिक विश्वविजेतेपद जिंकणारा जर्मन आजवर एकच, म्युलर. कीलच्या या माणसाने गाण्याच्या रेकॉर्डही काढल्या, त्यामुळे काहींना तो नुसता चमको वाटायचा. मला हा त्याच्यावर अन्याय वाटतो.

जर्मनीच्याच मार्टिन स्मोलिन्स्कीने २०१४ मध्ये ऑकलंडची स्पीडवे ग्राँप्री जिंकली आणि २०१८ मध्ये तो लाँगट्रॅकचा जगज्जेता झाला, तेव्हा मला म्युलरचीच आठवण झाली.

हे सगळं अंगावर घ्यायचं असेल तर ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीला जर्मनीतल्या हेर्क्सहाइमला लाँगट्रॅकची शर्यत बघायला या. वळणाच्या तोंडाशी उभे राहा. आधी वास येतो, जळक्या एरंडेलाचा, कारण या इंजिनांत एरंडेलाचं वंगण वापरतात. मग पुढचं चाक उजवीकडे आणि गाडी डावीकडे अशी रांग समोरून जाते, डाव्या बुटाखालची लोखंडी पट्टी मातीवर घासत, आणि पाठोपाठ वाळूचा सडाका तोंडावर बसतो. चष्मा आणायला विसरू नका.