जळगावहून गणपतीपुळ्याला चाललोय, समुद्रात उतरावं का?

तापीत हात मारलेले असतील तर भीती तिथेच आहे, भाऊ. नदी एका दिशेने ओढते. समुद्र पायाखालची वाळूच काढून घेतो. गुडघाभर पाण्यापुढे जाऊ नका. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत दिसतोय? पोरं नेमकी तिथेच घुसतात, आणि तिथूनच पाणी जोरात आत परत जातं. ओढले गेलातच तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ सुटली की मग वळा. पावसाळ्यात नुसतं लांबून बघा. आमचे मामा वाहती चप्पल धरायला चार पावलं गेले, तर पाणी कमरेला. मामांना दोघांनी ओढून काढलं. चप्पल गेली ती गेलीच.