थिसिसला बसण्याआधी कोमोची इमारत बघ

अगं,

तुझ्या कलेक्टर ऑफिसच्या थिसिसचा सिनॉप्सिस वाचला. सरकारी इमारत म्हणजे भव्यता आणि भव्यता म्हणजे सिमेट्री हे तू कुठून उचललंस माहीत नाही, पण आधी ते खोड. रोमच्या त्या चौकोनी कलोसियमचे, म्हणजे पालाझ्झो देल्ला चिविल्ता इतालियानाचे, फोटो लावलेस ना, त्यांच्याशेजारी जुझेप्पे टेरान्यीची कासा देल फाशो ठेव, उत्तर इटलीतल्या कोमो गावातली, 1932 ते 36 मधली. दोन्ही मुसोलिनीच्याच काळातल्या पण डोकं पार वेगळं.

कोमोची इमारत प्लॅनमधे चौरस, बाजू 33.2 मीटर, उंची बरोब्बर निम्मी 16.6. एवढं गणित पक्कं केल्यावर माणूस मोकळाच झाला, चारही एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या बाजू, वेगळी, समोर उजवीकडे सरळ कोरी भिंत आणि बाकी फ्रेमची जाळी, आत काचेच्या विटांच्या छताखाली मोठा हॉल, भोवती ऑफिसं. कॉलम-बीमची रचना बाहेरून वाचता येते. रोमला काय, तर आडव्या 9 कमानी, उभ्या 6, चारी बाजूंना तेच, आत आरसीसी आणि वरून ट्रॅव्हर्टाइन दगडाचं क्लॅडिंग. भार घेतंय काँक्रीट, कमान नुसती दिसायला. फोटो झकास येतो हे खरं, पण मला तरी ती शूटिंगचा सेट वाटते. 1942 च्या प्रदर्शनासाठी बांधायला घेतली होती, युद्धामुळे प्रदर्शन झालंच नाही, आता तिथे फेंडीचं हेडऑफिस आहे.

म्हणून कोमोवर भाळू पण नकोस हां. ते होतं फॅसिस्ट पक्षाचं कार्यालय. फॅसिझम म्हणजे काचेचं घर, हे मुसोलिनीचं वाक्य टेरान्यीने मनावर घेतलेलं, आणि दर्शनी बाजूला काचेचे दरवाजे ओळीने, विजेवर सगळे एकदम उघडणारे. कशाला? तर आतल्या पक्षाच्या तुकड्या धडाधड चौकात उतराव्यात म्हणून! त्या कोऱ्या भिंतीवरही प्रचाराची चित्रं लावायचा बेत होता, तो राहून गेला. म्हणजे पारदर्शक दिसणारी इमारत लोकांना उत्तर देणारी असेलच असं नाही, आणि तुझ्या सिनॉप्सिसमधे काच आणि लोकशाही एका वाक्यात आलीयेत, तिथे मी लाल पेनने गोल केलाय.

आता कॉम्प्युटरवरची रेंडर चित्रं बंद कर. दोन्ही इमारतींचे प्लॅन आणि सेक्शन (उभे छेद) हाताने काढ, मग तुझ्या कलेक्टर ऑफिसचा काढ आणि त्यावर मार्क कर की अर्ज घेऊन आलेली बाई कुठून शिरते, कुठे ताटकळते, साहेब कुठे बसतात. शनिवारी घेऊन ये, ट्रेसिंगवर चालेल.